भुवईतली खाच

३ नोव्हेंबर, सोमवार. संतपूर

पोचले. एक ट्रंक, दोन पिशव्या, रंगांचा डबा आणि मी, सगळं शाबूत. अक्कलकोटला आईने डोळ्यांना पदर लावला, जणू मी सातासमुद्रापार निघाले होते. निघाले होते औराद तालुक्यातल्या एका मराठी शाळेत, चित्रकलेच्या बाई म्हणून.

वाटेत तीन बस बदलल्या. पहिल्या बसमध्ये आळंदला एक मुलगी चढली आणि माझ्या शेजारी बसली. चोवीस-पंचवीसची असेल. आळंदच्या दाळ मिलमध्ये कामाला आहे, आईची औषधं आणायला गुलबर्ग्याला चालली होती. पिशवीतल्या उकडलेल्या शेंगा तिने अर्ध्या माझ्या ओंजळीत ओतल्या आणि मी नको नको करायला लागले तर कामून लाजायलाव म्हणून दटावलं. शेंगा फार गोड होत्या. सगळ्या संपवल्या. चेहरा तर काय सुंदर. रुंद कपाळ, गालाची हाडं वर, हसली की एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसतो, आणि डाव्या भुवईत मधोमध खाच, तिथे केसच नाहीत. मी म्हटलं, मी चित्रं काढते, तुमचं एकदा काढायला पाहिजे. ती ओढणी तोंडाला लावून हसत सुटली. उतरताना विचारलं, कधी काढणार.

नाव विचारायचं राहिलं. चित्रकाराला चेहरे आठवतात, नावं नाहीत, असं मी ऐटीत सांगत असते. खरं म्हणजे दुसऱ्याचं काही विचारायचं मला सुचतच नाही.

खोली मिळाली ती आप्पाराव आणि सत्यभामाबाईंच्या घरात. दोघंही साठीचे. माझ्याशी मराठी, अडत्याशी कन्नड, पत्रे ठोकायला आलेल्या चाचांशी दखनी. मला ते बाई म्हणतात आणि एवढीशीच भाकरी कामून खायलाव म्हणून रागावतात. इथे मी जाड होणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

शाळा बरी चाललीय. मुलं आंब्याला लाल रंग देतात, मी देऊ देते. पण शाळा सुटल्यावर करायचं काय?

फोनवर एक ग्रुप सापडला. ‘हरवले ते शोधू’. चार हजार माणसं. प्रमुख शिवशंकरप्पा, हुमनाबादचे निवृत्त मास्तर, बोलायला अगदी अदबशीर. सध्या तिथे एकच विषय, अंजू. वय तेवीस, सात महिन्यांपूर्वी सासरहून नाहीशी झाली. मी माझ्या मर्जीने गेलेय, असं तिने पोलिसांना लिहून दिलंय म्हणे. पण ते तिच्याकडून कुणीतरी लिहून घेतलं, असं ग्रुपचं मत. नवरा हरिओम व्हिडिओत ढसाढसा रडतो. असं रडणं खोटं असूच शकत नाही, असं मीही लिहून टाकलं. मला रडण्यातलं काय कळतं?

आज मात्र मी कमाल केली. सगळे तिच्या लग्नातल्या फोटोवरून डाव्या गालावर तीळ असलेली मुलगी शोधत होते. मी बघितलं, पदर उजव्या खांद्यावर. म्हणजे फोटो उलटा छापलेला. म्हणजे तीळ उजव्या गालावर. सात महिने चार हजार लोक भलत्याच गालाकडे बघत होते. शिवशंकरप्पांनी लिहिलं, ताई, डोळा असावा तर असा. ते वाक्य मी आज किती वेळा वाचलं ते इथे लिहिणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

ग्रुपमध्ये मी ‘रेघताई’ आहे. खरं नाव कुणाला माहीत नाही, औरादकडे असते एवढंच सांगितलंय. अंजू आता कशी दिसत असेल त्याचं चित्र काढलं: केस कापलेले, गाल बसलेले. चित्र दोन दिवसांत कुठच्या कुठे पोचलं. वर्गात मुलांना घागर काढायला देते आणि टेबलाखाली फोन बघते. परवा सत्यभामाबाईंनी भाजी दिली ती तापवायला ठेवून विसरले, पातेलं काळं केलं.

अंजू सापडावी असं मला वाटतं. पण ती मला सापडावी, असं जास्त वाटतं. लिहिलं खरं. खोडणार नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. गावात चिटपाखरू नव्हतं, झाडून सगळे आपापल्या शेतात. आप्पाराव म्हणाले, आज वाटसरूलाबी जेवल्याबिगर जाऊ देत न्हाईत, तुम्ही तर घरच्या. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, केली होती. आत चुन्याने रंगवलेल्या पाच दगडांची पूजा, मातीच्या बिंदग्यात आंबील, पानात भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर.

आंबील वाढायला एक मुलगी आली. भाची, म्हणाले. पदर पुढे ओढलेला. वाकली तेव्हा उजव्या गालावरचा तीळ दिसला. कापलेले केस, बसलेले गाल. माझंच चित्र मला आंबील वाढत होतं.

मला काय वाटलं ते खरं लिहायचं तर आनंद झाला. पानावरून उठले, कोपीच्या आडून फोटो काढला, खाली लिहिलं ‘सापडली. ठिकाण सांगते.’ रेंज नव्हती. पडद्यावर नुसतं गोल फिरत होतं. तेव्हा ते थांबवता आलं असतं. मी बांधावर चढले आणि फोन वर धरून उभी राहिले. गेला.

परत आले तर सत्यभामाबाईंनी माझा हात धरला. मी टक लावून बघत होते ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. हरिओमने तिच्या हातावर उकळतं तेल ओतलं. दोनदा माहेरी गेली, दोनदा त्यांनी परत पोचवलं. मग ती मावशीकडे, म्हणजे यांच्याकडे आली, शेतातल्या खोलीत लपून राहिली. आज आठ महिन्यांनी पहिल्यांदा उजेडात आणली, आज कोण कुणाच्या शेतात बघायलंय म्हणून. ते फोनवाले लोक हुडकायलेत तिला, म्हणाल्या. तुम्ही शिकलेल्या हाव, तुमच्यापासून काय लपवायचं.

अंजूने माझ्या पानात आणखी एक उंडा ठेवला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेली. मी तो उंडा खाल्ला.

मग लघवीचं निमित्त करून बांधापलीकडे गेले आणि ग्रुपवरचा फोटो काढून टाकला. वीस मिनिटं झाली होती. तीनशे बारा जणांनी पाहिला होता.

२१ डिसेंबर, रविवार

ग्रुप पेटलाय. अशी कोप बिदर, गुलबर्गा, लातूर एवढ्याच मुलखात घालतात, हे त्यांनी तासाभरात काढलं. रेघताई औरादकडे असतात, हेही कुणीतरी लिहिलं. हरिओमने मला वेगळा निरोप पाठवला: ताई, माझी लक्ष्मी कुठंय तेवढं सांगा. त्यापुढे हात जोडल्याचं चित्र.

मी केलं ते असं. फोटो मैत्रिणीने आळंदहून पाठवला होता आणि ती मुलगी भलतीच निघाली, असं लिहिलं. पुढे लिहिलं की लग्नातला फोटो स्टुडिओवाल्याने घासूनपुसून गोरागोमटा केलाय, तो तीळही नंतर टाकलेला, खरा चेहरा वेगळाच आहे. मी हाडांचा अभ्यास करून काढलाय. आणि एक चेहरा काढला. कुणाचाच नसलेला. कपाळ रुंद केलं, गालाची हाडं वर नेली, खरा वाटावा म्हणून बारीकसारीक खुणा घातल्या. दहा मिनिटांत झाला. इतकं सहज कधीच काही काढलं नव्हतं. आळंदकडे बघा, म्हटलं.

शिवशंकरप्पांनी लिहिलं, ताई, तुमच्या शब्दाबाहेर नाही. हरिओमने लिहिलं, चेहरा तिचा वाटत नाही, पण ताई म्हणतात तर आळंदला जाऊन बघतो.

अंजू वाचली. सत्यभामाबाईंकडे बघायची लाज वाटते, पण वाचली.

२४ डिसेंबर, बुधवार

माझी बाई आळंदच्या बाजारात भाजी घेताना दिसली म्हणे. दुसऱ्या एकाला बसस्टँडवर दिसली. मी हसले. माणसांना दाखवाल ते दिसतं.

तिसऱ्याने लिहिलंय, दाळ मिलमध्ये कामाला आहे.

२६ डिसेंबर, शुक्रवार

फोटो आलाय. मिलच्या फाटकातून बाहेर पडताना. तीच. मी काढलेली बाई, अंगावर तुरीची धूळ, हातात डबा. डाव्या भुवईत खाच.

खाच मी का काढली होती? कुठून आली ती?

मी लिहिलं, ही नव्हे. शिवशंकरप्पांनी लिहिलं, ताई, विनय पुरे, तुम्हीच शोधलीत.

२८ डिसेंबर, रविवार

व्हिडिओ. आठ-नऊ माणसं, सगळ्यांचे फोन वर धरलेले. ती म्हणायलीय, मी अंजू न्हाई, मला सोडा, आई वाट बघायलीय. हरिओम आला, बघितलं, म्हणाला, ही नाही. वाटलं, सुटली. तर एक जण म्हणाला, मग ही तोंड कामून लपवायलीय, हिला म्हाईत असणार अंजू कुठंय. कुणीतरी ओढणी ओढली. ती पळाली. रस्त्याकडेच्या तुरीत शिरली, तूर डोक्याच्या वर वाढलेली. तिच्या मागे ते सगळे. फोन हलतो, हिरवं, हिरवं, मग एक चप्पल —

तिथे संपतो. मी चार वेळा पाहिला. मोजून चार वेळा.

३१ डिसेंबर, बुधवार

ती घरी गेलेली नाही.

ग्रुपवर नवा विषय. ‘आळंदची संध्या बेपत्ता.’ तेच लोक. तेच हात जोडलेले. फाटकातला फोटो आणि व्हिडिओ त्यांनी काढून टाकलेत, म्हणून माझं चित्र लावलंय. हुबेहूब आहे, म्हणतात.

संध्या. आता कळलं नाव.

या वहीचं पहिलं पान उघडलं. रुंद कपाळ, गालाची हाडं वर. सगळं माझ्याच अक्षरात. आळंदसुद्धा. मला वाटलं, मी काहीतरी मनाने काढलं —

शेंगा सगळ्या संपवल्या, असंही लिहिलंय.

२ जानेवारी, शुक्रवार

ग्रुपवर लिहिलं, मी खोटं बोलले. चेहरा खोटा, आळंद खोटं. शिवशंकरप्पांनी विचारलं, ताई, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का. पन्नास जणांनी धीर दिला.

पोलिसांकडे जावं, तर का खोटं बोललात ते सांगावं लागेल. मग अंजूचं नाव निघणार, आणि ते हरिओमपर्यंत पोचणार. हे कारण खरं आहे. सोयीचंही आहे.

संतपूरच्या बसथांब्यावर ते चित्र चिकटवलंय. मी दुसऱ्या वाटेने शाळेत जाते. आज सहावीतल्या एका मुलीने वहीत तेच काढून आणलं. खाच विसरली होती. मी — माझ्याच हाताने — दाखवली, इथे.

५ जानेवारी, सोमवार. शाळा, चौथा तास

एक बाई आल्यात. शोभाबाई. आळंदच्या. भाऊ बुद्धरत्न औरादला असतो, त्याची मुलगी आमच्या शाळेत. त्याने सांगितलं, संतपूरला चित्रकलेच्या बाई आहेत, त्यांच्याकडे जा.

मी म्हटलं, सांगा, मी लिहून घेते. त्यांना वाटतंय मी त्यांचं बोलणं लिहितेय. म्हणून लिहितेय. हात थांबला की त्या माझ्याकडे बघतील.

चित्र टेबलावर पसरलंय. घड्यांवर फाटलंय. लेकीचा फोटो एकच, आधारवरचा, बारा वर्षांची असतानाचा. बाकीचे तिच्या फोनमध्ये, फोन तिच्याजवळ. म्हणतात, हे चित्र मोठं करून द्या, सगळ्या स्टँडवर लावते. खाचेवर बोट फिरवतात. लहानपणी उंबऱ्यावर पडली होती.

तुरीत रोज शोधलं म्हणतात. पोलीस म्हणाले, येईल.

म्हणतात, ज्यानं हे काढलंय त्यानं माझ्या लेकराला जवळून बघितलंय. त्याला म्हाईत असंल ती कुठंय. त्याला तेवढं हुडकून द्या.

म्हणतात, दिवाळीनंतर गुलबर्ग्याहून आली ती हसतच आली. बसमध्ये एक बाई भेटली, माझं चित्र काढते म्हणाली. त्या बाईला शेंगा लई आवडल्या. वाट बघायची पोरगी, चित्राची. म्हणतात, तीच बाई तर नसंल?

मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच —

विचारतात, काय लिहायलाव एवढं. सातवी शिकल्यात. उठल्या. माझ्या शेजारी येऊन बसल्या.

वाचायला लागल्या. अक्षर लावत, ओळीखाली बोट ठेवून. तेच बोट, खाचेवरचं. ‘एक बाई आल्यात’ इथे आहेत. मी वही मिटत नाही.

बोट खाली येतंय. उंबऱ्यावर आलं. थांबलं. पुन्हा निघालं.

शोभाबाई, तुम्ही इथपर्यंत याल तेव्हा मी इथेच बसलेली असेन. बसमधली बाई मीच. चित्र मीच काढलं. दुसऱ्या एकीला वाचवायला काढलं, आणि हा चेहरा कुणाचाच नाही असं मला वाटलं. ती कुठे आहे ते मला माहीत नाही. मला माफ करू नका. तिने मला अर्ध्या शेंगा दिल्या होत्या आणि मी तिचं नावसुद्धा

शेंगांवर आल्या. दोन ओळी राहिल्यात. बोट —