बदकांच्या पट्ट्या बांधलेली बावीस झाडे तोडीच्या यादीतून वगळण्याबाबत

प्रति,
मा. वनाधिकारी,
वन विभाग कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय : शाळेमागील रानातील बावीस झाडे चुकीने तोडीच्या यादीत गेली असून ती येत्या बुधवारपूर्वी वगळणेबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील माझे तीन अर्ज. २) त्या तिन्हींवर मिळून आपल्या कार्यालयाचा एक शेरा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून चौथ्यांदा सादर करते की,

१. मी बालवर्गाची शिक्षिका आहे. माझ्या वर्गात चार ते पाच वर्षांची बावीस मुले आहेत. आपल्याच लेखी परवानगीने मी त्यांना दर बुधवारी सकाळी शाळेमागच्या रानात नेते. पानगळ सुरू झाली की प्रत्येकाने एक झाड निवडायचे आणि ते पुरते रिकामे होईपर्यंत दर आठवड्याला त्याची खबर घ्यायची, अशी आमची पद्धत आहे. मुले पाने मोजतात, ओंडक्यावर चढतात, चिखलात पडतात आणि आपली आपण उठतात. फळ्यापुढे महिनाभर डोके फोडून जे जमत नाही, ते तिथे तासाभरात होते.

२. आपले झाड ओळखू यावे आणि गाठ मारण्याचा सरावही व्हावा, म्हणून मी वर्गातल्या जुन्या पडद्याच्या पट्ट्या कापून मुलांना दिल्या. पडदा लाल होता. तोडायच्या झाडाला आपले कर्मचारी लाल पट्टी बांधतात, हे मला ठाऊक नव्हते. ही माझी चूक आणि ती मी पहिल्याच अर्जात कबूल केली आहे.

३. तथापि आपल्या पट्ट्या छातीच्या उंचीवर असतात आणि आमच्या जमिनीपासून दोन फुटांवर आहेत. एकेका पट्टीला पाच-पाच गाठी आहेत. शिवाय पडद्यावर पिवळी बदके आहेत. खाली बसून आणि बदके छापून खूण करणारा एखादा कर्मचारी आपल्याकडे असल्यास त्याला भेटण्याची माझी फार इच्छा आहे. आपल्या मोजणीदाराने मात्र बावीसही झाडे बिनदिक्कत यादीत चढवली. विचारले तर म्हणतात, "बाई, मी पट्टी मोजतो. पट्टीवर काय छापलंय ते बघायचं काम माझं नाही."

४. मी पट्ट्या सोडून घेते म्हटले, तर खुणेला हात लावणे हा गुन्हा असल्याचे सांगण्यात आले. मग शेरा आला : "खूण करणाऱ्याने समक्ष हजर राहून कारण नमूद करावे." त्याप्रमाणे मी गेल्या सोमवारी खूण करणाऱ्या बावीसही जणांना, दोन-दोनच्या रांगेत, हात धरून, आपल्या कार्यालयात हजर केले. बाकड्यावर सात मावले, उरलेले टेबलाखाली बसले. तासाभराने आपले लिपिक म्हणाले, "अठरा वर्षांखालच्यांचा जबाब आम्हाला घेता येत नाही." म्हणजे चार वर्षांच्या मुलाची खूण चालते, जबाब चालत नाही. मी हात टेकले. माझ्या वर्गात असे कोणी बोलले असते, तर त्याला मी शेजारी बसवून पुन्हा पहिल्यापासून समजावले असते.

५. आता जे लिहिते ते अर्जात बसत नाही, तरी लिहिते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, रांगेत सगळ्यात शेवटी चालते म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. शाळेत आल्यापासून तीन महिने ती एक अक्षर बोलली नव्हती. तिच्या आईने आणि मी सगळे उपाय करून पाहिले. मग एका बुधवारी ती आपल्या झाडापाशी उभी राहून वर बघत म्हणाली, "माझ्या झाडाला अजून चार आहेत." मी मोजली. चारच पाने होती. पहिली गाठही तिने त्याच झाडाला मारली, आणि मग आठवडाभर दिसेल त्याला गाठी मारत सुटली : दप्तराला, खुर्चीला, माझ्या ओढणीला.

६. सोमवारी टेबलाखाली बसून तिने सगळे ऐकले. परतताना जिन्यात मला विचारले, "ताई, मी बांधलं म्हणून ते झाड कापणार?"

मी तिचा हात धरून जिना उतरले. त्या दिवसापासून तिने कशालाही गाठ मारलेली नाही. बुटाची नाडीसुद्धा बांधत नाही, बांधूही देत नाही. कालही नाडी तुडवत घरी गेली. आणि पुन्हा बोललेली नाही. मला आपला फार राग आला आहे, महोदय, आणि त्याहून जास्त माझा.

७. तोड येत्या बुधवारी सकाळी आहे. आमचा रानाचा वारही तोच. तरी विनंती की ती बावीस झाडे यादीतून वगळावीत. ते शक्य नसल्यास मुंगीच्या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतः, आपल्या सहीने, लेखी द्यावे. वाक्ये लहान असावीत. तिला अजून वाचता येत नाही, पण आपण बुधवारी झाडापाशी येऊन वाचून दाखवलेत तरी चालेल.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
बालवर्ग शिक्षिका
दिनांक : २१ नोव्हेंबर

सोबत :
१) पडद्याचा उरलेला तुकडा, बदकांसह.
२) खूण करणाऱ्या बावीस जणांचे ठसे. शाई नसल्याने चिखलाचे.
३) मुंगीने सोमवारच्या आधी काढलेले झाडाचे चित्र. पाने चार आहेत. कृपया मोजून परत करावे.