सर्वांच्या पसंतीची बादली

२ सप्टेंबर, सोमवार

अखेर न्याय झाला. मोठे साहेब गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर रजेवर. कारखाना माझ्या ताब्यात! म्हणजे रोजची कामं ज्याचा तो करणारच आहे, पण साहेबांच्या केबिनमध्ये बसून निर्णय मी घ्यायचे. साहेब म्हणाले की निर्णय तसा एकच आहे. नव्या बादलीचा साचा आलाय, तिचा रंग ठरवायचा. महिनाअखेरीला डीलर लोकांना माल दाखवायचा आहे, तेव्हा वीस तारखेच्या आत ठरवा. नीट जमवलंत तर उपव्यवस्थापकाची जागा तुमचीच, असंही म्हणाले. म्हणताना ते दुखरा पाय गाडीत कसा घ्यावा या विवंचनेत होते, पण म्हणाले एवढं नक्की.

आजवरची नोकरी खरेदी विभागात गेली. माझं टेबल संडासाच्या दाराला लागून. दार उघडलं की खुर्ची पुढे सरकवायची, बंद झालं की मागे घ्यायची. उपव्यवस्थापकाला स्वतंत्र केबिन असते.

संकल्प : आजपासून झटपट निर्णय. मॅनेजमेंटचं पुस्तक आणलंय. पहिल्या प्रकरणात लिहिलंय की खरा नेता दहा सेकंदांत निर्णय घेतो. बाकीचं उद्यापासून वाचणार.

३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी ९.४०. पहिला निर्णय घेतला. चहाचं मशीन कोपऱ्यातून काढून जिन्याच्या तोंडाशी. लागलेला वेळ : दहा सेकंद.

११.१५. जिन्यात चहा घेणाऱ्यांची गर्दी. वरचे खाली येईनात, खालचे वर जाईनात. अकाउंट्सच्या मॅडमच्या बाहीवर कुणाचा तरी आख्खा कप.

१२.०५. मशीन परत कोपऱ्यात. हाही निर्णय माझाच, आणि तोही दहा सेकंदांत. म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी दोन. साहेबांना अख्ख्या महिन्यात इतके जमत नसतील.

५ सप्टेंबर, गुरुवार

दुसरं प्रकरण वाचलं. झटपट निर्णय फक्त किरकोळ बाबतीत घ्यावेत. मोठ्या बाबतीत सर्वांना विश्वासात घ्यावं आणि नेत्याने स्वतःचं मत सगळ्यात शेवटी सांगावं. मला हे पहिल्यापासून वाटत होतं.

रंग समिती नेमली. सेल्सचा तुफान (बोलायला लागला की आवरत नाही, म्हणून हे नाव), अकाउंट्सच्या मॅडम, आणि बादल्यांच्या मशीनवरचे मामा, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो. अध्यक्ष मी. मामा म्हणाले की बादलीला समिती कशाला. जुन्या विचारांचे आहेत, पण समितीत जुने विचारही हवेतच.

६ सप्टेंबर, शुक्रवार

पहिली बैठक. पाऊण तास मोकळी चर्चा. बैठकीत बिस्किटं गोड असावीत की खारी, यावर दोन तट पडले. शेवटी दोन्ही मागवायची ठरली. सगळे खूश. मी सर्वांना घेऊन चालतो असं मॅडम म्हणाल्या. रंगाला वेळ उरला नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

आज रंग. निळा, हिरवा, गुलाबी अशा तीन रंगांचे प्लास्टिकचे दाणे स्टोअरमध्ये भरपूर आहेत, त्यातला एक निवडायचा. मी पुस्तकाबरहुकूम तोंडाला कुलूप लावून बसलो. मत द्यायचं नाही, नुसतं ऐकायचं. तुफान माझ्याकडे बघत बघत म्हणाला की हिरवा चांगला वाटतो. मॅडम म्हणाल्या, हिरवाच. मामांनीही मान डोलावली.

चटकन एकमत! पण नंतर तिसरं प्रकरण चाळलं. त्यात म्हटलंय की सहज झालेलं एकमत धोक्याचं असतं, ते पुन्हा तपासून पाहावं. बुधवारी फेरबैठक.

(आजचा हिरवा शर्ट धुऊन इस्त्रीला टाकणे.)

११ सप्टेंबर, बुधवार

बरं झालं तपासलं! आज तिघेही निळ्याच्या बाजूने. तुफानने तर हिरव्याचे तोटे इतके सांगितले, की परवा हाच माणूस हिरवा म्हणत होता हे खरं वाटेना. याला म्हणतात प्रामाणिक मतपरिवर्तन. वातावरण मोकळं ठेवलं की माणसं मन बदलायला कचरत नाहीत. मॅडमनी माझ्या निळ्या शर्टाचं कौतुक केलं.

मत इतकं बदलत असेल तर आणखी एकदा तपासायला हवं. शुक्रवारी बैठक.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

गुलाबी. एकमताने. मुलीने वाढदिवसाला दिलेला गुलाबी शर्ट आज पहिल्यांदा घातला होता, त्यामुळे जरा अवघडलो होतो. तुफान म्हणाला की सध्याचा जमानाच गुलाबी रंगाचा आहे. बाहेर पडताना मामांनी अगदी अदबीने विचारलं की सोमवारी काय घालणार आहात. माझ्या कपड्यांकडे त्यांचं इतकं लक्ष असेल असं वाटलं नव्हतं. बरं वाटलं.

रंगाच्या तीन बैठका, तीन एकमतं. पेच आहे.

१६ सप्टेंबर, सोमवार

पांढरा शर्ट. कुणी काही बोलेचना. बिस्किटं संपली. मॅडम माझ्या पेनाकडे पाहत होत्या, पेन स्टीलचं. मग तुफानचा रुमाल खाली पडला म्हणून तो टेबलाखाली वाकला, आणि वर येऊन म्हणाला की काळी बादली कशी वाटेल. काळे दाणे आपल्याकडे नाहीत, हे त्याला माहीत आहे. मोजे मात्र काळे होते माझे. पण त्याचा इथे काय संबंध?

लोक थकलेत. नेत्याने अशा वेळी धीर सोडायचा नसतो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

साहेबांचा हॉस्पिटलमधून फोन. रंग ठरला का? म्हटलं, प्रक्रिया अत्यंत निकोप चालली आहे. कोणता रंग? म्हटलं, तिन्ही आघाडीवर आहेत. पुढे काहीतरी बोलले आणि फोन कट झाला. हॉस्पिटलात रेंज नसते.

केबिनमध्ये एकटा बसलो होतो. दार लावलं की बाहेरचा आवाज येत नाही. ही शांतता कायमची मिळावी असं फार फार वाटलं. तीन दिवस उरलेत.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सुचलं! आंघोळ करताना सुचलं. एकच रंग निवडायचा हा हट्ट कशाला? समितीने तिन्ही रंग एकमताने मंजूर केलेत. मग तिन्ही घ्यायचे! एकाच बादलीत! कुणाचं मत डावललं असं होणार नाही. बिस्किटांच्या वेळी हेच तर केलं होतं.

दुपारी कॅन्टीनमध्ये ग्लासवर चमचा वाजवून सगळ्यांसमोर जाहीर केलं. आधी समिती, समिती करत होतो, पण टाळ्या पडायला लागल्यावर राहवलं नाही. म्हटलं, पुढे कुणी विचारलं की हा निर्णय कुणाचा, तर बेधडक सांगा, माझा, एकट्याचा! टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यात जास्त टाळ्या तुफानने वाजवल्या. मनाने मोकळा मुलगा आहे.

संकल्प : उपव्यवस्थापक झाल्यावरही साधेपणाने वागायचं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी १०. मामांनी विचारलं, तिन्ही दाणे एकाच मशीनमध्ये एकत्र टाकायचे? म्हटलं, एकत्र. पुन्हा विचारलं, एकत्रच? एकत्रच! मग म्हणाले की आधी एखादी काढून बघू या का. मी त्यांना समजावलं की नमुना त्याने मागावा ज्याचा स्वतःवर विश्वास नाही. बरं साहेब, म्हणाले. इतकं आज्ञाधारकपणे आजवर कधी बोलले नव्हते. ते मशीनकडे गेले आणि थोड्या वेळाने तिकडून हसण्याचा आवाज आला. कामाच्या ठिकाणी असंच आनंदी वातावरण हवं.

दुपारी ३. पहिली बादली बाहेर आली.

माझ्या डोळ्यांसमोर जरा वेगळं चित्र होतं. पट्टे म्हणा, छटा म्हणा. प्रत्यक्षात रंग एकच निघाला. पावसात भिजलेल्या गोणपाटाचा असतो तसा. पाच-सहा जण गोळा झाले होते, पण बादलीकडे कुणी बघत नव्हतं, सगळे माझ्या तोंडाकडे. मी म्हटलं, वा. लगेच सगळे म्हणाले, वा! मॅडम म्हणाल्या की रंग भारदस्त आहे. तुफान म्हणाला, परदेशी वाटतो.

आणि एकदम लक्षात आलं, हा रंग मळखाऊ आहे! कितीही वापरा, मळलेली दिसणार नाही. इतक्या वर्षांत बादलीवाल्यांना हे सुचलं नाही, याचं नवल वाटतं. आख्खा लॉट काढायला सांगितला. तीन हजार.

२३ सप्टेंबर, सोमवार

एक बादली घरी नेली. बायकोने नळाखाली धरली, भरली, आत बघितलं, ओतून टाकली. घासली. पुन्हा भरली, बघितलं, ओतली. म्हणाली, यात पाणी गढूळ दिसतंय. मी म्हटलं, पाणी स्वच्छच आहे. ती म्हणाली, आहे हो, पण दिसतंय गढूळ. मी मळखाऊपणाचा मुद्दा मांडला. त्यावर म्हणाली की बादलीचा मळ दिसायलाच हवा, दिसला तर माणूस घासेल ना. मुलीने विचारलं की ही फरशी पुसल्यावरच्या पाण्यासाठी आहे का.

घरच्यांना मोठं चित्र दिसत नाही. बादलीत आता जुने बूट ठेवलेत. म्हणजे दुसरा उपयोगही निघाला. जाहिरातीत घालावा.

२८ सप्टेंबर, शनिवार

डीलर लोकांची सभा झाली. साहेब काठी टेकत आले. मी बादल्यांचा मनोरा रचून ठेवला होता आणि भाषणात मळखाऊ हा शब्द सात-आठ वेळा घेतला. लोक शांतपणे ऐकत होते. सगळं छान चाललं होतं.

मग एक जाडे डीलर म्हणाले की कडी मजबूत आहे का बघू, पाणी भरून आणा. मामांनी भरून आणली. कडी उत्तम. डीलरनी वाकून आत पाहिलं आणि तुमची टाकी शेवटची कधी धुतली असं विचारलं. दुसऱ्याने वाकून पाहिलं. मग सगळेच रांगेने येऊन पाहायला लागले. एका बाईंनी हातातला पाण्याचा ग्लास हळूच टेबलावर ठेवला. त्यानंतर सभेत कुणी पाणी प्यायलं नाही.

ऑर्डर : शून्य.

साहेबांनी सगळ्यांना थांबवून घेतलं आणि विचारलं की हा रंग कुणी ठरवला. मी म्हटलं, असं एकाचं नाव घेणं बरोबर नाही, ही संघभावना आहे, समिती होती. समितीकडे वळून पाहिलं. मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. मामा छताकडे पाहत होते. तुफान पुढे आला आणि माझ्याकडे हात करून अत्यंत नम्रपणे म्हणाला की यांनी स्वतःच सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर बेधडक सांगा, निर्णय त्यांचा, एकट्याचा. आख्खं कॅन्टीन साक्षीला आहे.

वाईट वाटलं. खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं. घरी आल्यावर जेवलो नाही. बायकोने चहा ठेवला. कारखान्यात सगळ्यांनी वा म्हटलं होतं. घरात एकटी नको म्हणाली होती, आणि मी तिला मोठं चित्र समजावत होतो.

३० सप्टेंबर, सोमवार

साहेब हजर. केबिन त्यांची त्यांना परत. चहा निवायच्या आत त्यांनी नव्या बादलीचा रंग ठरवला, निळा. मी विचारलं, निळाच का? म्हणाले, काहीतरी ठरवायचं होतं, ठरवलं. कसली समिती नाही, प्रकरण नाही, बिस्किटं नाहीत. अशाने कारखाना कसा चालायचा? साहेबांनी विचारायच्या आधीच तुफान म्हणाला होता की निळ्याला तोड नाही. साहेबांचा शर्टही योगायोगाने निळाच होता.

उपव्यवस्थापक तुफान झाला.

साहेब माझ्यावर पूर्ण नाराज मात्र नाहीत. त्या तीन हजार बादल्या कुठे ठेवायच्या हे ठरवायची जबाबदारी खास माझ्यावर सोपवलीय. विचार चालू आहे. घाई करणार नाही. तोपर्यंत त्या खरेदी विभागात, माझ्या टेबलाभोवती छतापर्यंत रचल्यात.

माझी जुनी खुर्ची या महिन्यात कुणीतरी नेली. कुणी, ते कुणी सांगत नाही. तूर्त एक बादली पालथी घालून बसलोय. बसायला मजबूत आहे. संडासाचं दार उघडलं की पुढे सरकवायलाही हलकी पडते. दुपारपर्यंत सहा जण जाऊन आले, दोघांचे ओले हात हिला लागले, पण काही दिसत नाही. मळखाऊ आहे.