वळणाचा जिना

४ नोव्हेंबर
चौदा हजार डॉलर! जिन्यावरून माणसाला वर नेणाऱ्या एका खुर्चीचे! जिना सरळ असता तर पाच हजारांत भागलं असतं, असं मापं घ्यायला आलेला कंपनीचा माणूस म्हणाला. वळण आलं की खुर्चीचा रूळ खास बनवून घ्यावा लागतो. मी त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं.

व्हर्ना कोचावरून ऐकत होती. खुब्याचं ऑपरेशन होऊन ती घरी आली त्याला नऊ दिवस झाले. काठी घेऊन घरात फिरते, पण जिना डॉक्टरांनी कायमचा बंद केला. खाली कोचावर झोपते. लग्नाच्या वर्षी घर बांधत होतो तेव्हाच म्हणाली होती, "एल्बर्ट, जिना सरळ कर." मी वळवला. वळणावर खिडकी काढली, बंदर दिसावं म्हणून. मग पलंग वर जाईना, तर तोही मी वरच्या खोलीतच बसून बनवला. अर्धं लुनेनबर्ग गाव तो जिना बघायला आलं होतं.

५ नोव्हेंबर
ठरलं. खुर्ची मीच करणार. चाळीस वर्षं ओकच्या फळ्या वाफेवर वाकवून होड्या बांधल्या, आणि आता एक रूळ वाकवता येत नाही? हाताने होणारी वस्तू विकत आणली तर गोदीवरची मंडळी वर्षभर हसतील. नाताळपर्यंत होईल, असं व्हर्नाला सांगितलं.

"नाताळपर्यंत," ती म्हणाली. बस, एवढंच.

२० डिसेंबर
झाली नाही. हॅलिफॅक्सहून हेदरचा फोन. "बाबा, पैसे आम्ही घालतो. पण आईला तिच्या खोलीत जाऊ दे." माझ्या घरातलं मी बघतो, म्हणून फोन ठेवला. पोरीशी असं बोलायला नको होतं.

व्हर्नाने वरून निळा स्वेटर मागितला. मी भलताच आणला. परत गेलो, तोही दुसराच निघाला. शेवटी तिने तोच घातला. काल दिवा मागितला होता, परवा घड्याळ.

१५ जानेवारी
शेडमध्ये. दुसरा रूळही चिरला.

२ फेब्रुवारी
व्हर्नाने बऱ्याच दिवसांत वरचं काही मागितलेलं नाही. बरं आहे, कामात खंड पडत नाही.

११ मार्च
खुर्ची बसवली. चालवायला होडी ओढायची मोटर. व्हर्ना बसायच्या आधी तिच्या वजनाचं बटाट्यांचं पोतं बसवलं, पट्टा बांधला, कळ दाबली. काय सुरेख चढली! वळणापर्यंत. तिथे असा हिसका बसला की पोतं पट्ट्यातून सुटलं आणि पायऱ्या मोजत खाली आलं. बटाटे घरभर.

एक घरंगळत व्हर्नाच्या पायाशी आला. तिने तो काठीने थांबवला.

"ही मी," ती म्हणाली.

मी खाली बसून बटाटे वेचत राहिलो. वर बघायचा धीर झाला नाही.

१२ मार्च
कंपनीला फोन केला. तोच माणूस आला. जिन्यावरचा माझा रूळ त्याने हात फिरवून पाहिला, काम झकास आहे म्हणाला. भला माणूस. कंपनीचा रूळ तयार व्हायला आठ-नऊ आठवडे लागतील. नोव्हेंबरात हो म्हटलं असतं तर नव्या वर्षाला बसली असती, हेही त्याने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

पैसे बँकेत होते. तेव्हाही होते.

२१ मे
आज खुर्ची बसली. आवाजसुद्धा करत नाही. अखेर मला सापडलेला निळा स्वेटर घालून व्हर्ना बसली आणि वर गेली. वळणावर थांबवून तिने खिडकीतून बंदर पाहिलं. मी मागून पायऱ्या चढत होतो, लग्नातल्यासारखा खूश.

वर ती पलंगाच्या तिच्या बाजूला टेकली. मी नवी चादर घातली होती. तिने ती हाताने सारखी केली. खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाली, "छान आहे. चल, आता मला खाली ने."

मी म्हटलं, अगं, आता इथेच झोपायचं.

"जानेवारीपर्यंत मी रोज वाट बघितली, एल्बर्ट. मग सोडून दिली. आता मला खालीच झोप लागते."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी तिला खाली आणलं. ती चहा करायला गेली. मी जिन्यावरच बसून राहिलो. एक अख्खा हिवाळा ही बाई कोचावर एकटी झोपली, आणि मी शेडमध्ये गावाला दाखवायला रूळ वाकवत होतो. मूर्ख! म्हातारा मूर्ख!

२३ मे
पलंग वळणावरून उतरणार नाही, आणि सांधे असे मारलेत की सुटतही नाहीत. सकाळी करवत लावली. लाकडं खुर्चीवर बसवून एकेक खेप खाली धाडली. खाली कोच हलवून पलंग पुन्हा जोडायला जागा केली आणि पेन्सिलने मापं आखू लागलो.

व्हर्ना काठी टेकत आली. काठीने लाकडं चाचपून पाहिली. मग विचारलं, "आता किती रुंद करणार आहेस?"

मी पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, "तू सांग."