उघडी मूठ

तीर्थरूप बाबांना,
धाकटीचा इतक्या लांबूनच वाकून नमस्कार.

मी इथे शिबिरात मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. सोबतच्या फोटोत पूर्ण बाह्यांचा शर्ट दिसेल, तो इथल्या गारठ्यामुळे. आईला तसंच सांगा. खरं म्हणजे बाण सोडताना दोरीचा फटका हातावर बसायचा आणि कोपराखाली निळं पडलं होतं. आता बरं आहे.

चूक माझीच. टोकांना चाकं असलेलं ते कंपाउंड धनुष्य मी मुठीत आवळून धरायचे आणि दोरी ओढताना ते आभाळाकडे न्यायचे. कोचमॅडम म्हणाल्या, "अगं, गळा काय दाबतेस त्याचा? अंगठ्याच्या बुडाशी नुसतं टेकू दे. आणि दंडाने नको, पाठीने ओढ."

मी मूठ उघडली आणि एकदम आपलं दुकान दिसलं. समोरासमोरचे आरसे, साबणाचा वास आणि तुमच्या बोटांवर नुसता टेकलेला वस्तरा. "धरायचा नाही, सांभाळायचा," असं तुम्ही कारागिरांना सांगायचात. सगळं मैदान जणू त्या आरशांत गेलं, एकात एक, लांबच लांब. बाण कधी सुटला ते कळलंच नाही. पाहिलं तर मधल्या पिवळ्या वर्तुळात लागला होता.

परवा संघाची निवड आहे. तिची काळजी नाही, काळजी दुसरीच आहे.

आई लिहिते, हल्ली तुमचा हात थरथरतो, म्हणून तुम्ही वस्तरा घट्ट आवळून धरता. बाबा, माझाही हात थरथरायचा. आवळून धरायचे तेव्हाच.

तुमची,
धाकटी