सैल केलेल्या तारा

कुंभकोणम्, सरस्वतीपूजेची संध्याकाळ

माझ्या लेकीची, मंगळेची वीणा आज तिच्या सासरहून, तिरुविडैमरुदूरहून, परत आली. तिचा दीर बसमधून सांभाळून घेऊन आला. म्हणाला, "वहिनीनं पूजेला पाठवली, मामी. नंतर इथंच असू द्या. आमच्याकडं जागा अडते."

मला आधी आनंदच झाला. खोळ काढली आणि पाहिलं, तारा सैल. एखादी तार हवेनं उतरते, पण या सगळ्या सारख्याच उतरवलेल्या, खर्जाची जाड तारसुद्धा. मीच शिकवलं होतं तिला, फार दिवस वाजवायची नसेल तर तारा सैल करून ठेव, नाहीतर दांडीला बाक येतो.

म्हणजे तिनं ठरवलं. की तिला ठरवायला लावलं? आणि तरीही दांडीची एवढी काळजी! दांडीवरचे पडदे ज्या मेणात बसवलेले असतात, त्यावरची धूळसुद्धा पुसलेली. त्या सैल तारांवरून मी नुसतं बोट फिरवलं.

रडू आवरून त्याला कॉफी दिली. विचारलं, "घरात काम करताना गुणगुणते का रे ती?"

"वहिनी?" तो हसला. "छे, मामी! आमची आई तर साऱ्या गल्लीत सांगते, इतकी शांत सून कुणाला मिळाली नाही."

कौतुकानंच सांगत होता बिचारा. जेवतानासुद्धा पाटावर बोटांनी ताल धरायची माझी पोर. शांत म्हणे.

मी मान हलवली, जणू मलाही ऐकून बरं वाटलं.