सूज उतरल्यावर

३ मार्च
आमच्या एर्मेकचा रिपोर्ट आला. आतड्याची सूज पूर्ण उतरली — दोन वर्षांनी! बायकोने, झूराने, बोरसोक म्हणजे पिठाचे गोळे तळून अख्ख्या मजल्यावर वाटले. म्हटलं, आता लेकाचं लग्न उरकू.

१२ मार्च
नाक कापलं. होणाऱ्या व्याह्यांकडे जेवण आटोपलं, मुलीच्या आजोबांनी दुआ द्यायला हात पसरले, आम्हीही पसरले — आणि आमचे चिरंजीव मध्येच उठून संडासाकडे! दुआ संपून 'ओमीन' होईपर्यंत उठायचं नसतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हातारा थांबला. दुआ अर्धीच राहिली.

परतताना झाडलं त्याला. "रिपोर्ट स्वच्छ आहे. आता कसली नाटकं?"

"नाटकं नाहीत, बाबा. कळ येते तेव्हाच उशीर झालेला असतो."

"तेवीस वर्षं आतड्यांवर काम करतोय मी. मला शिकवू नकोस."

 व्याह्यांनी दोन एप्रिलला पुन्हा बोलावलंय. ही शेवटची संधी, म्हणाले.

२० मार्च
प्रयोगशाळेत आज जानेवारीतले तीन गिनीपिग घेतले. तेव्हा त्यांच्या आतड्याला सूज आणली होती. ती केव्हाच उतरली, भिंगाखाली सगळं स्वच्छ. एकेकाच्या आतड्याचा तुकडा कोमट खारट पाण्यात टांगला, आत जराशी हवा भरली. एवढ्याने निरोगी आतडं ढिम्म हलत नाही. तिन्ही वेळा तुकडा असा आवळला की आलेखाचं पेन कागदाबाहेर गेलं. खालची बाजू सैल पडायला हवी, तीही पडेना. म्हणजे सूज गेली, पण आतल्या नसा अजून चवताळलेल्याच आहेत.

व्हॅलेंटिना पेत्रोव्हना, माझ्या जुन्या सहायक; एर्मेकचा प्रकार मी त्यांना सांगितला होता. कागद बघून म्हणाल्या, "घरी जा आणि पोराची माफी मागा, टोकतोबेक."

म्हटलं, तीन जनावरांवरून काही ठरत नसतं. बारा होऊ देत.

खरं म्हणजे धीर झाला नाही.

२७ मार्च
सात झाले. सातही तसेच. झूरा म्हणते, "अहो, पोरगा नीट जेवत नाही, तुम्ही काही बोललात का त्याला?" आज जेवताना सांगणार होतो. नान मोडून त्याच्या हातात दिला. पुढे जीभ रेटेना. बापाने मुलाला 'चुकलो' म्हणायचं, हे आमच्या घरात कधी कुणी केलेलं नाही.

१ एप्रिल
उद्याचं पार पडलं की सांगेन. आता कशाला विषय काढा.

२ एप्रिल
बसला! म्हाताऱ्याने दुआची मुद्दाम लांबण लावली, सात पिढ्या काढल्या. एर्मेक जागचा हलला नाही. चेहरा तेवढा पांढराफटक, कपाळावर घाम. लग्न जूनमध्ये ठरलं. बाहेर आल्यावर त्याची पाठ थोपटली. "बघ, मनात आणलं की जमतं." 

असं का म्हणालो मी?

४ एप्रिल
एर्मेक काल सकाळी गेला. हृदय बंद पडलं. कोटाच्या खिशात जुलाब थांबवायच्या गोळ्यांची सहा पाकिटं, सगळी रिकामी. एवढ्या पोटात गेल्या की हृदयच थांबतं. झूराने विचारलं, "त्याला खरंच कळ यायची, हे तुम्हाला माहीत होतं?"

हो म्हणालो.