जादूला मुकादम नसतो

१२ जानेवारी २०२५, रविवार

"माणूस असा हळूहळू मरत नाही हो करिमाताई. निदान जादूनं तरी नाही!"

असं म्हणाला तो. ऋषिराज. पुण्याच्या प्रकाशकाचा संपादक, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. बोलतो गोड. मी गॅसवर दूध ठेवून फोन घेतला होता. सगळं उतू गेलं, तरी मी ऐकतेच आहे!

त्याचं म्हणणं, कादंबरी आवडली, पण. पण धग फार आळशी आहे. म्हणजे काय? तर माझ्या कादंबरीतल्या नदीकाठच्या शहराच्या पोटात जुन्या लोकांनी धग पुरून ठेवलेली आहे, वर दगडी झाकण. झाकणावर कोरलंय, 'उघडणाऱ्याच्या नातवंडांनो, आम्हाला माफ करा.' ती लिपी आता कुणालाच वाचता येत नाही. नव्या राजाला दिवे हवेत, गिरण्या हव्यात, डोंगरावर पाणी चढवायचंय. झाकण उघडतात. शहर उजळतं. खाली उतरून धग सांभाळणारे ते राखणदार. त्यांना काही होत नाही. वर्षं जातात. मग एकेकाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागतं.

ऋषिराजला हे नको. त्याला राखणदाराची मुलगी मंत्र शिकलेली हवी. तिनं धग ओंजळीत घ्यायची आणि शत्रूचं सैन्य जाळायचं. "वाचकाला ताकद हवी असते, ताई." आणि वर — "धग म्हणजे अणुवीज, हे लगेच कळतंय. ते जरा झाका."

झाका!

पलीकडच्या खोलीत अनस झोपला होता. माझा धाकटा भाऊ. ऋषिराजला तो माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच इतकं मोकळं बोलता येतं.

१३ जानेवारी

शाळेत सातवीच्या वर्गावर उगाच ओरडले. बारामतीहून इंदापूरला घरी येताना एसटीत उभी. शेळगावपर्यंत जागा नाही. मनात त्याला उत्तरं देत होते — सगळी आता सुचतात!

२१ जानेवारी, मंगळवार

अनसला घेऊन पुण्याला. मी, अंजुम आणि तो. अंजुम त्याची बायको, पण बोलायचं सगळं मलाच, कारण मी शिकलेली. डॉक्टर तरुण, दमलेला. रक्ताचे आकडे पुन्हा खाली. अंगावर निळे डाग नवे आलेत.

मी म्हटलं, हा अणुवीज केंद्रात कामाला होता. परराज्यात. ठेकेदाराकडे. आत साफसफाईचं काम.

डॉक्टर म्हणाला, "असू शकतं. नसूही शकतं. सांगता येत नाही." मग विचारलं, तंबाखू? अनस म्हणाला, पूर्वी खायचो. फवारणी? अनस म्हणाला, व्हय, पोरवयात लोकांच्या द्राक्षबागांत केली. डॉक्टरनं दोन्ही लिहून घेतलं. आत साफसफाई केली, ते कुठं लिहिलं? मी कागदावर पाहिलं. 'मजुरी.' एवढंच!

मी भांडायला लागले. अनसनं माझा हात दाबला. "आपा, जाऊ दे. त्येंच्या मागं रांग हाय."

रांग आहे म्हणून गप्प बसायचं. हेच आयुष्यभर. परतीच्या गाडीत अंजुम खिडकीकडं तोंड करून बसली. रडत नव्हती. तिचं रडणं संपलंय. मला तर रडूच येत नाही, नुसता संताप येतो.

२६ जानेवारी

झेंडावंदन. प्रमुख पाहुणे म्हणाले, आज जग अणुशक्तीचं कौतुक करतं, आपल्याकडं प्राचीन काळी हे सगळं होतं. एक अस्त्र सोडलं की नगरं भस्म! पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षकांनीही.

असेल बुवा. मग अस्त्र सोडल्यावर ती जागा पुसायला कोण जात होतं? त्याला नंतर काय झालं? त्याचं नाव सांगा की माईकवर!

हे मोठ्यानं म्हणायला हवं होतं. लाडू खाल्ला आणि घरी आले.

२ फेब्रुवारी, रविवार

अनसनं कादंबरी वाचली. मी दिली नव्हती. अंजुमनं टेबलावरनं उचलून दिली — "सारखे छताकडं बघत पडत्यात, म्हणून दिली." आठवडाभर वाचत होता म्हणे. मी शाळेत गेले की.

मी चहा घेऊन गेले तर गठ्ठा पोटावर ठेवून पडला होता. म्हणाला, "चांगलं लिवलंयस. पण खोटं हाय."

मला आधी हसूच आलं. मग दिसलं, तो चिडलाय. अनस चिडत नाही कधी.

"तुझे राखणदार म्हंजे मेंढरं हायत. राजानं हाकललं, गेले खाली. कुणालाच काय ठावं न्हाय. आमाला ठावं हुतं, आपा! पैल्या दिवशी वर्गात बसवून शिकवलं. काय लागतंय, कशानं लागतंय, किती येळ थांबायचं. मी वहीत उतरून घेतलं हुतं."

मी म्हटलं, मग का गेलास आत?

"मला आवडायचं तितं." असं म्हणाला! "दवाखान्यापरीस सोच्छ. समद्यांना एकच कापडं, पांढरी. आत गेल्यावर कोण कुणाचा, कळायचं न्हाय. आन काम नीट झालं की सायेब पाठीवर थाप मारायचा. द्राक्षाच्या बागेत कुणी मारली हुती?"

मग म्हणाला, "धग वाईट न्हाय. ती आपल्या जागी गप पडल्याली असती. हितं अब्बांचा पंखा फिरतोय, शेळगावात पाण्याची मोटार चालती. ती लाइट कुठनं येती, कोण इचारतंय? तुज्या गोष्टीत धग शाप देती. शाप दिला की सुटले समदे! जादूला मुकादम नसतो, आपा. आमाला हुता."

खोकला आला. पाणी दिलं. मग विचारलं, मुकादमानं काय केलं?

थांबत थांबत सांगितलं. आत जाताना प्रत्येकाच्या छातीला बॅज. अंगाला किरणोत्सार किती लागला ते त्यात उमटतं. ठरलेलं माप भरलं की त्या माणसाचं आतलं काम बंद. ठेकेदार दुसरा माणूस आणणार, हा घरी. म्हणून दाराआड एक खिळा होता. तपासणारा पुढं गेला की बॅज त्या खिळ्याला अडकवायचा आणि तसंच आत जायचं. बॅज बाहेर कोरडा. माणूस आत.

"असं करा म्हणून कुणी सांगितलं?"

"मुकादमानं."

"नाव काय त्याचं?"

भिंतीकडं वळला. "लिही की. लिवणारी तू हायस."

म्हणजे अजून भीती! इंदापुरात, बापाच्या घरात, खाटेवर पडलेला असताना त्या माणसाचं नाव घ्यायची भीती! काय करून ठेवलंय यांनी माझ्या भावाचं?

५ फेब्रुवारी

लिहितेय. शाळेतून आले की लगेच. मंत्र खोडले. शाप खोडला. झाकणापाशी आता एक माणूस उभा आहे. गोड बोलणारा, राखणदारांच्या पोराबाळांची चौकशी करणारा. आत जाताना प्रत्येकाच्या गळ्यातला पांढरा खडा तो काढून घेतो. धग लागली की खडा काळा पडतो, आणि खडा काळा पडला की माणसाला वर पाठवावं लागतं. म्हणून खडे वर राहतात, पांढरेशुभ्र.

इतका तिरस्कार मी कुठल्याच पात्राचा केला नव्हता. हात दुखेपर्यंत लिहिलं. त्याला जाड ओठ दिले, घामट तळवे दिले. शेवटी त्याला धगीत ढकलला! बरं वाटलं.

अब्बांनी दारातनं विचारलं, "जेवायचं न्हाय का?" डाळिंबाची आडत बंद करून ते कधी आले, कळलंही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

ऋषिराजचा फोन. नवी प्रकरणं वाचली. "मुकादम कशाला, ताई? फारच लोकल होतं. त्याऐवजी राक्षस ठेवू या का?"

मग मी सांगून टाकलं. अनसचं. सगळं. आवाज चढला माझा, शेजारच्यांनी ऐकला असेल.

तो म्हणाला, सॉरी ताई, मला माहीत नव्हतं. खरंच वाईट वाटलं त्याला, ते कळत होतं. आणि मग, त्याच आवाजात — "हे तुम्ही मनोगतात लिहा ना. लोक जोडले जातील पुस्तकाशी."

माझा भाऊ म्हणजे मनोगत!

म्हटलं, कादंबरी परत पाठवा. मला छापायची नाही. फोन ठेवला. चार वर्षांचं काम आहे.

११ फेब्रुवारी

रडले. झालं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गोष्ट नाही, आता खरी तक्रार. एकट्या अनसचं कुणी ऐकणार नाही — तंबाखू, फवारणी, सांगता येत नाही! पण त्याच्याबरोबरचे लोक? तेही आजारी असतील तर? सगळ्यांचं मिळून लिहिलं तर?

अनसला विचारलं. "नको, आपा." का? "नको म्हणलं ना!" पुन्हा भिंत.

अब्बा म्हणाले, "आता उकरून काय करायचंय? त्येला निवांत राहू दे." मी म्हटलं, अब्बा, तुमचा मुलगा आहे. म्हणाले, "म्हणूनच." आणि टोपी घालून मार्केटला गेले. निवांत! सगळ्यांना निवांतपणा हवा. ज्यानं खिळा ठोकला तो तर केव्हाचा निवांत बसला असेल कुठंतरी!

अंजुमनं तिच्या मोबाइलमधला एक फोटो दाखवला. पांढऱ्या कपड्यांतली पाच-सहा माणसं, अनस मधोमध, हसतोय. शेजारच्याच्या खांद्यावर हात. "हे कुंडलिकराव. कोऱ्हाळे बुद्रुकचे. त्येंचा फोन आता लागत न्हाय."

रविवारी जाणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

कोऱ्हाळ्याला जाऊन आले. बारामतीहून पुढं दुसरी गाडी. फाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, धूळ. दोन ठिकाणी विचारलं, घर सापडलं.

कुंडलिकराव नाहीत. दिवाळीच्या आधीच गेले. भिंतीवर हार घातलेला फोटो. त्यांची बायको प्रयागबाई, माझ्याच वयाची असेल, अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. मी अनसचं नाव सांगितलं. तिचा हात थांबला.

"इंदापूरचा अनस?"

"हो. मी बहीण त्याची."

"जित्ता हाय अजून?"

किती सरळ विचारलं! म्हटलं, आहे, पण बरं नाही. काय होतंय ते सांगितलं. हिरड्या, डाग, धाप. ती मान हलवत राहिली. "आमच्या मालकाचं बी तसंच झालं. शेवटी शेवटी भाकरी चावली की रगत यायचं."

मी खिळ्याचं सांगितलं. बॅजचं सांगितलं. त्या मुकादमाला सोडायचं नाही, म्हटलं, आपण दोघी मिळून लिहू, सही करू. मी इतकं बोलले, इतकं तावातावानं बोलले की तिनं मला पाणी आणून दिलं. तिला खिळा आधीच माहीत होता. नवऱ्यानं मरायच्या आधी सगळं सांगितलेलं.

"सहीचं मागनं बघू," म्हणाली. "आधी मला त्येंना बघायचंय. गुरवारी येती."

येताना मेथीची एक जुडी दिली. पिशवीत धरून बसले होते, आणि पहिल्यांदा वाटलं, मी एकटी नाही. आता बघतेच कोण गप्प बसवतं ते!

१८ फेब्रुवारी

सकाळी अनसला सांगितलं, कुंडलिकरावांची बायको येणार आहे. कुंडलिकराव गेले, हेही सांगितलं. त्याला माहीत नव्हतं.

दिवसभर जेवला नाही. संध्याकाळी अंजुमला म्हणाला, गुरुवारी मला स्वच्छ सदरा दे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रयागबाई आल्या. खाटेपाशी उभ्या राहिल्या. बसा म्हटलं, बसल्या नाहीत.

"वळखलं का, मुकादम?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"वळखलं, वैनी," अनस म्हणाला.

"बॅज खिळ्याला लावा, न्हायतर घरी बसवत्याल, असं आमच्या मालकास्नी तुमीच म्हणला हुता न्हवं?"

"व्हय."

"आन तुमचा?"

"माजा बी तितंच हुता."

अब्बांनी चहा आणून ठेवला. त्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं, त्यांना ठाऊक होतं. प्रयागबाईंनी चहाला हात लावला नाही. निघूनही गेल्या नाहीत. बऱ्याच वेळानं खाटेच्या कडेला टेकल्या आणि कुंडलिकराव शेवटी काय काय बोलायचे, ते सांगायला लागल्या. अनसला. हळू आवाजात, दोघांनाच ऐकू जाईल असं.

मी दारात उभी होते. मला कुणी आत बोलावलं नाही.